कमोडमधली पिवळी कडा आणि ब्लीचिंगचा धोका

ऊर्जानगरच्या महाऔष्णिक वीज केंद्रात बॉयलरला लागणारे पाणी आधी क्षारमुक्त केले जाते. तसे केले नाही तर नळ्यांत खपली बसते, उष्णता अडते आणि नळी तापून फुटू शकते. घरच्या संडासात अशी सोय कुठली? बोअरचे पाणी जड असेल तर बादलीवर पांढरा थर आणि कमोडमध्ये पाण्याच्या रेषेवर पिवळट कडा ठरलेलीच.

ही कडा बव्हंशी कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे चुनखडीचीच असते. मूत्रातील युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात, त्यामुळे फॉस्फेटचे क्षारही तिथेच साचतात. पाण्यात लोह असले की रंग तांबूस होतो. ब्लीचिंग पावडरने जंतू मरतात, वरचा रंगही उडतो, पण दगड जागेवरच राहतो. लोहाचा डाग तर उलट पक्का होतो.

इथेच घात होतो. ब्लीचिंगने भागले नाही म्हणून त्यावरच अ‍ॅसिड ओतले जाते. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात 22 एप्रिल 1915 रोजी ईप्र येथे जर्मन सैन्याने सोडला होता, तोच हा वायू. बंद संडासात तो थोडासाही पुरतो. डोळे चुरचुरतात, ठसका लागतो. फुप्फुसांना सूज कधीकधी काही तासांनी येते. असा वास आला तर तिथे पाणी ओतत थांबू नये, लगेच बाहेर मोकळ्या हवेत यावे. धाप लागली तर दवाखाना गाठावा.

क्षार विरघळवायला सौम्य आम्ल आणि वेळ पुरतो. बादलीभर पाणी जोराने ओतले की भांड्यातली पातळी खाली जाते, कडा उघडी पडते. किराणा दुकानात मिळणारे सायट्रिक अ‍ॅसिड कोमट पाण्यात विरघळवून त्यात जुने कापड भिजवावे आणि रात्रभर कडेवर चिकटवून ठेवावे. बुडबुडे दिसले तर काम सुरू आहे असे समजावे. तो कार्बन डायऑक्साइड असतो. सकाळी कापड उचलून घ्यावे, फ्लश करू नये, नाहीतर पाइप तुंबेल. मग नायलॉनच्या ब्रशने घासावे. जुना थर दोन-तीन रात्री घेतो. तारेचा घासणी-काथ्या किंवा ब्लेड मात्र नको. चिनी मातीवरची चकाकी खरवडली की पुढचा थर अधिक लवकर धरतो.

एवढे करूनही महिनाभरात कडा परतली, तर फ्लशची टाकी तपासावी. वायसर झिजून रात्रंदिवस पाण्याची बारीक धार वाहत असेल, तर तीच क्षार आणून टाकत असते.