धंदेशिक्षणानें कॉलेजची वाट अडते काय ?

मुलगा हायस्कुलांत गेला कीं शेतकरी बापाच्या मनांत एक विवंचना उभी राहते. शेतकी, यंत्रकाम किंवा असाच एखादा धंदा त्यास शाळेंतच शिकविला तर तो लवकर हाताशी येईल खरा. परंतु कॉलेजची वाट कायमची बंद तर होणार नाहीं ना? या प्रश्नाचें उत्तर केवळ तर्कानें देण्याचें कारण नाहीं. अमेरिकेंत त्याचा रीतसर प्रयोग झालेला आहे.

त्या देशांत १९१७ सालच्या स्मिथ-ह्यूज कायद्यानें शेतकी, कारागिरी व गृहशास्त्र यांच्या शालेय शिक्षणास मध्यवर्ती सरकारची मदत सुरू झाली. परंतु धंद्याचे वर्ग व पुस्तकी वर्ग बहुधा निरनिराळेच राहिले. धंद्याकडे वळलेला मुलगा उच्च शिक्षणास मुकतो, असा आक्षेप त्यावर येऊं लागला. १९६९ सालीं फिलाडेल्फिया शहरीं निराळी पद्धत निघाली. तीस ‘करिअर अकॅडमी’ म्हणतात. मोठ्या शाळेंतच थोड्या मुलांचा गट करून त्यास तींन-चार वर्षें तेच शिक्षक द्यावयाचे. गणित, भाषा, शास्त्र हे विषय न सोडतां त्यांच्या जोडीस एक धंदा शिकवावयाचा, व गांवच्या कारखानदारांकडे प्रत्यक्ष काम दाखवावयाचें.

१९९३ सालीं एम्. डी. आर्. सी. या संस्थेनें नऊ शाळांतील अशा वर्गांची पाहणी आरंभिली. जागांपेक्षां अर्ज अधिक, म्हणून प्रवेश सोडतीनें दिले. एकाच शेताचे दोन तुकडे करून एकास खत द्यावें व दुसऱ्यास देऊं नये, त्यांतलाच हा प्रकार. चौदाशेंहून अधिक मुलांचा मागोवा शाळा संपल्यावर आठ वर्षांपर्यंत घेऊन २००८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अकॅडमींत गेलेल्यांची वार्षिक कमाई सरासरीनें शेंकडा ११ अधिक भरली. मुलग्यांची शेंकडा १७. मुलींत मात्र लक्षांत घेण्याजोगा फरक दिसला नाहीं. आणि पुढील शिक्षण ? दोन्ही गटांत सुमारें निम्म्यांनीं पदवी अथवा प्रमाणपत्र मिळविलें. वाट अडली नाहीं. रुंदही झाली नाहीं.

यांतून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. वाट मोकळी राहिली ती मूळ विषय कायम ठेवणाऱ्या वर्गांत, हें विसरूं नये. म्हणून मुलाचें नांव घालण्यापूर्वीं शाळेस तीन प्रश्न अवश्य विचारावे : गणित व शास्त्र पुरतें शिकवितां काय ? या परीक्षेवर पदवीच्या वर्गांत प्रवेश मिळतो काय ? प्रत्यक्ष काम कोठें करवितां ? समाधानकारक उत्तर मिळाल्यास निःशंक मनानें मुलास पाठवावें. बीं पारखून पेरणाऱ्यानें शाळाही पारखूनच निवडावी.