हजेरीचे बावीस दिवस आणि आजाराचे सहा महिने

समजा, वसतिगृहात राहणाऱ्या एका मुलाला जानेवारीत खोकला लागला. आधी दोष मेसच्या तेलाला, मग थंडीला. ताप संध्याकाळीच यायचा, म्हणून सकाळची लेक्चर्स कशीबशी होत राहिली. थुंकीची तपासणी होईपर्यंत मार्च उजाडला, वजन उतरलं आणि हजेरीही. निदान क्षयरोगाचं. घरच्यांचा पहिला प्रश्न मात्र औषधाबद्दलचा नव्हता. ‘म्हणजे वर्ष वाया जाणार?’

सत्रात साधारण ९० दिवस अध्यापन धरलं आणि ७५ टक्के हजेरीची अट लावली, तर गैरहजेरीला बावीस दिवस उरतात. औषधांना दाद देणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयरोगाचे नेहमीचे उपचार सहा महिन्यांचे. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. हे दोन हिशेब जुळत नाहीत आणि विद्यार्थी बहुधा औषधाच्या बाजूने काटछाट करतो.

खरं तर सहा महिन्यांचे उपचार म्हणजे सहा महिन्यांची रजा नव्हे. योग्य औषधं सुरू झाली, की काही आठवड्यांत इतरांना संसर्ग होण्याचा धोका बराच कमी होतो. वर्गात कधी बसायचं, हे डॉक्टर तपासणी करून सांगतात. पण गोळ्या सकाळी उपाशीपोटी, त्यानंतर मळमळ, अंगात त्राण नाही आणि आठला प्रॅक्टिकल, असा दिवस रोज रेटणं सोपं नसतं. रिफाम्पिसिनमुळे लघवी लालसर होते, तीही न सांगता आली तर घाबरवते. महिन्याभरात बरं वाटू लागतं आणि नेमक्या परीक्षेच्या धांदलीत डोस चुकतात. मध्येच सोडलेल्या उपचारांतून औषधांना न जुमानणारा क्षयरोग उद्भवू शकतो. अशक्तपणा फार असेल, यकृताला त्रास होत असेल, तर एक सत्र थांबणं हा उपचाराचाच भाग समजावा.

नैराश्यात परिस्थिती अधिक अवघड. तिथे दाखवायला थुंकीचा रिपोर्ट नसतो. औषधांचा परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही ती साधारण सहा महिने तरी चालू ठेवावी लागतात. शिवाय एकाग्रता आणि झोप, म्हणजे अभ्यासाची हत्यारंच, बोथट झालेली असतात. अशा मुलीला ‘मन लावून वाच’ म्हणणं हे मोडक्या पायाने धावायला सांगण्यासारखं आहे. मात्र रजा घेऊन दिवसभर खोलीत पडून राहण्यानेही आजार हटत नाही. उपचार, समुपदेशन, ठरावीक वेळी उठणं, थोडं चालणं हे रजेतही हवं. सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे.

घाबरलेले पालक इथे एक चूक करतात. थेट दाखला काढून मुलाला घरी नेतात. दाखला काढला, की प्रवेश संपू शकतो. रजेत तो टिकावा, यासाठी विभागप्रमुखांकडे लेखी अर्ज करायचा, शक्यतो परीक्षेचा फॉर्म भरण्याआधी, आणि उत्तरही लेखी घ्यायचं. आजारपण सरल्यावर मागच्या तारखांचं आणलेलं मेडिकल सर्टिफिकेट संशयाने पाहिलं जातं. बंक मारण्यासाठी त्याचा इतका वापर झाला आहे, की खरा रुग्णही त्यात भरडला जातो. पूर्ण केलेल्या विषयांचं काय, वसतिगृहातली जागा राहील का, शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणात खंड चालतो का, शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेला कधी कळवायचं, हे त्याच वेळी विचारून घ्यावं. २०२१ पासून आलेल्या ‘अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये मिळवलेले श्रेयांक कमाल सात वर्षं जमा राहू शकतात. आपला अभ्यासक्रम त्यात आहे का, हे कॉलेजच्या कार्यालयात कळतं. आजाराचं नाव मात्र वर्गभर होण्याचं कारण नाही.

परतण्याची तारीख कॅलेंडर पाहून ठरवू नये. सलग दोन-तीन तास बसून वाचता येतं का, जिना चढताना दम लागतो का, रात्रीची झोप लागते का, हे डॉक्टरांना सांगून ठरवावं. वसतिगृहात परतताना उरलेल्या महिन्यांच्या गोळ्या कुठल्या आरोग्य केंद्रातून मिळणार, याची चौकशी निघण्याआधीच झालेली असावी.