आपत्कालीन नियंत्रण कक्षातील भाषाव्यवहार



उपयोजित मराठीचा विचार करताना पत्रलेखन, वृत्तलेखन, जाहिरात ही क्षेत्रे आपल्यासमोर प्रथम येतात. परंतु ज्या ठिकाणी भाषेच्या अचूकतेवर प्रत्यक्ष एखाद्याचा जीव अवलंबून असतो, असेही एक क्षेत्र आहे. ते म्हणजे आपत्कालीन नियंत्रण कक्ष. तेथील कर्मचाऱ्याचे काम हे मुख्यतः ऐकण्याचे, विचारण्याचे आणि सांगण्याचे, म्हणजेच भाषेचे काम आहे. ते कसे चालते, हे आपण येथे पाहू.

१. पार्श्वभूमी

१९३५ साली लंडनमधील विम्पोल स्ट्रीटवरील एका घराला आग लागून पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. शेजाऱ्याने दूरध्वनी केला होता. पण तो इतर सामान्य कॉलच्या रांगेत अडकून राहिला. तातडीची हाक वेगळी ओळखू यावी ही गरज या घटनेने पुढे आली आणि ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक सुरू झाला. अमेरिकेत १९६८ साली ९११ आला. आपल्याकडे पोलिसांसाठी १००, अग्निशमनासाठी १०१ असे स्वतंत्र क्रमांक दीर्घकाळ होते. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून, तर ११२ हा एकत्रित क्रमांक २०२१ पासून कार्यरत आहे.

२. कामाचे स्वरूप

या कामात दोन भूमिका असतात. एक कर्मचारी कॉल घेतो, माहिती विचारतो व ती संगणकावर नोंदवतो. दुसरा, म्हणजे डिस्पॅचर, ती नोंद पाहून घटनास्थळाजवळचे वाहन निवडतो व रवाना करतो. ११२ च्या रचनेत कॉल राज्याच्या केंद्रात घेतला जातो आणि घटनेची नोंद संबंधित जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे जाते. डिस्पॅचरने घाबरलेल्या माणसाचा आवाज ऐकलेला नसतो. त्याच्यासमोर केवळ नोंद असते. म्हणून नोंदीतील एक चुकीचा शब्दही वाहनाला भलत्या वाटेला लावू शकतो.

३. आवश्यक भाषिक कौशल्ये

(अ) स्थळनिश्चिती : पहिला प्रश्न ‘काय झाले?’ यापेक्षा ‘कुठे झाले?’ हा महत्त्वाचा असतो. संभाषण मध्येच तुटले तरी ठिकाण ठाऊक असल्यास मदत निघू शकते. मोबाइलवरून कळणारे स्थान काही वेळा अंदाजेच असते. ‘इथे’, ‘वरच्या अंगाला’, ‘देवळापाशी’ हे शब्द समोरासमोर पुरेसे असतात. दूरध्वनीवर ते अपुरे ठरतात. वडगाव नावाची गावे अनेक आहेत. एकाच नावाचे बुद्रुक आणि खुर्द ही तर दोन निराळी गावे असतात. म्हणून ‘कोणते वडगाव? तालुका कोणता?’ असे विचारून उत्तर परत वाचून दाखवावे लागते.

(आ) प्रश्नरचना : ‘श्वास चालू आहे का?’ या प्रश्नाला नातेवाईक आशेपोटी ‘हो’ म्हणतात. हृदय बंद पडल्यावरही काही वेळ रुग्ण अधूनमधून आचके देतो आणि तोच श्वास वाटतो. ‘काकू, त्यांच्या छातीकडे बघा. नेहमीसारखी वर-खाली होते आहे का?’ असे विचारल्यास पाहिलेली गोष्ट कळते. याउलट, घरात मारहाण करणारा माणूस शेजारीच असेल तर स्त्रीला मोकळेपणाने बोलता येत नाही. तेव्हा ‘फक्त हो किंवा नाही म्हणा’ असे सांगून छोटे प्रश्न विचारणे हिताचे ठरते.

(इ) सूचना : हृदय बंद पडल्यास काही मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते, तोवर वाहन पोहोचेलच असे नाही. म्हणून अनेक देशांत दूरध्वनीवरूनच छाती दाबण्याची कृती करवून घेतात. मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचे असते. ‘घाबरू नका’ या वाक्यातून कृती कळत नाही. ‘दादा, फोन स्पीकरवर ठेवा. त्यांच्या बाजूला गुडघ्यांवर बसा. दोन्ही हात छातीच्या मधोमध ठेवा. आता माझ्याबरोबर मोजा,’ या वाक्यांतून ती कळते. एका वाक्यात एकच क्रिया, ओळखीचे शब्द आणि आदरार्थी आज्ञार्थ ही या भाषेची वैशिष्ट्ये होत.

४. मानसिक ताण

वाहन पोहोचले की कॉल संपतो. रुग्ण वाचला की नाही, हे कर्मचाऱ्याला बहुधा कळत नाही. लगेच पुढची घंटा वाजते. अपुरी राहिलेली ही कथा मनात साठत जाते. शिवाय खोडसाळ कॉलही घ्यावेच लागतात, कारण ऐकल्याशिवाय खरे-खोटे ठरत नाही. सौजन्य टिकवणे हा येथे शिष्टाचारापुरता भाग नाही. चिडलेल्या स्वराला घाबरलेला माणूस उत्तर देऊ शकत नाही.

सारांश

स्थळ प्रथम निश्चित करणे, निरीक्षणावर आधारित प्रश्न विचारणे आणि एकेक कृती सांगणे ही या भाषाव्यवहाराची तीन सूत्रे आहेत. नागरिक म्हणून आपल्यालाही त्यांचा उपयोग आहे.

स्वाध्याय

१. आपल्या घराचा पत्ता, ते गाव न पाहिलेल्या व्यक्तीला चार वाक्यांत सांगा. ‘इथे’, ‘तिथे’ हे शब्द वापरू नका.
२. ‘लवकर या, खूप लागलंय!’ एवढेच सांगणाऱ्या व्यक्तीला विचारावयाचे पाच प्रश्न योग्य क्रमाने लिहा.