कांट्यांतील राखणदार

ज्याच्या बांधावर बाभूळ नाहीं असा शेतकरी आपल्याकडे विरळा. बाभळीस कांटे कशाला, असें पुसल्यास गुरांनीं पाला खाऊं नये म्हणून, हें उत्तर लहान पोरही देईल. तथापि शेळी कांटे चुकवून पाला खातेच, हेंही आपण नित्य पाहतों. मग कांट्यानें भागत नाहीं तेथें झाडानें काय करावें? ह्याचें नवलाचें उत्तर बाभळीच्याच एका आफ्रिकी बहिणीनें दिलें आहे. तें शेतकरी बंधूंस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

पूर्व आफ्रिकेंत केनिया व टांझानिया ह्या देशांतील पठारांवर आपल्या कपाशीच्या रानासारखीच काळी चिकण जमीन आहे. तीही पावसांत चिखल होते व उन्हाळ्यांत भेगाळते. अशा जमिनींत हें ठेंगणें झाड इतकें माजतें कीं, कित्येक ठिकाणीं दुसरें झाड क्वचितच दृष्टीस पडतें. त्याच्या कांहीं कांट्यांचीं बुडें फुगून पोकळ गांठी बनतात. मुंग्या त्यांना भोंकें पाडून आंत बिऱ्हाड करतात. वारा सुटला म्हणजे त्या भोंकांतून शीळ निघते. त्यावरून इंग्रजींत झाडास शीळ घालणारा कांटा असें नांव पडलें आहे. शिवाय पानांच्या देठांवरील ग्रंथींतून झाड गोड रस देतें, तें मुंग्यांचें अन्न. पूर्वीं गांवच्या राखणदारास खळ्यावर धान्य मिळे, त्यांतलाच हा प्रकार.

राखणही तशीच चोख होते. एखाद्या जनावरानें फांदी हलवितांच मुंग्या झुंडीनें धावतात. हत्तीसारखा बलाढ्य प्राणीही सोंडेच्या आंतील नाजूक कातडीस चावा बसूं नये म्हणून दूर राहतो. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत ह्या झाडाच्या मुंग्या काढलेल्या फांद्या हत्तींनीं खुशाल खाल्ल्या. उलट, त्यांच्या आवडत्या दुसऱ्या झाडाच्या फांद्यांवर मुंग्या सोडतांच त्या त्यांनीं टाळल्या.

खरा बोध मात्र पुढेंच आहे. केनियांतील लायकिपिया भागांत १९९५ सालीं कांहीं जमिनीस कुंपण घालून मोठीं जनावरें बाहेर ठेवण्यांत आलीं. शत्रू गेला, आतां झाडें फोफावतील, असेंच कोणासही वाटेल. परंतु दहा वर्षांनीं काय दिसलें, तें टॉड पामर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केलें. पाला ओरबाडला जाईना, तेव्हां झाडांनीं पोकळ कांटे व रस हीं दोन्ही कमी केलीं. वेतन तुटलें तशा मुंग्या राखणींत ढिल्या पडल्या आणि झाडाचाच रस शोषणाऱ्या खवले किडी अधिक पाळूं लागल्या. कित्येक झाडें मुंग्यांच्या दुसऱ्या एका जातीनें बळकावलीं. ती जात पोकळ कांट्यांत न राहतां खोडकिड्यानें पोखरलेल्या बोगद्यांत राहते. तेव्हां खोडकिड्यास ती हांकील कशाला? परिणामीं झाडांची वाढ मंदावली व मरणारीं झाडें वाढलीं.

महसुलाच्या दप्तरांत आम्हीं जन्म घालविला. कागदावर बचत आणि शिवारांत नुकसान, हा प्रकार आम्हांस नवा नाहीं. पण झाडाच्या हिशेबांतही तो निघावा ह्याचें आश्चर्य वाटलें.

आपल्या बाभळीस अशीं पोकळ घरें नाहींत, हें खरें. तरी मुंगी ज्याचें खाते त्याची राखण करते, हा नियम आपल्या मळ्यांतही लागू आहे. सीताफळ, पेरू, कपाशी ह्यांवर मुंग्यांची रांग चढतांना दिसल्यास, ती कोणाचें वेतन खाते हें प्रथम शेंड्यापर्यंत पाहावें. तेथें मावा किंवा पिठ्या ढेकूण आढळल्यास मुंगी पिकाची नव्हे, किडीची राखण करीत आहे असें समजावें, आणि किडीबरोबर तिची वाटही बंद करावी. तसें कांहीं न आढळल्यास तिच्या वाटेस जाऊं नये. फुकटचा राखणदार घालविणें सोपें आहे, परत आणणें तितकें सोपें नाहीं.