दोन वाजेपर्यंतची गाडी

सकाळी ६.५०

शटर उघडलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात या वेळेला लेथ सुरू झालेले नसतात, त्यामुळे शटरचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. एरवी मी साडेआठला येतो. आजचं काम मात्र घड्याळाशी बांधलेलं आहे. गगनबावडा तालुक्यातलं कुटुंब. आईला मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. येताना ५५ किलोमीटर, जाताना ५५. मुलगा तिला आठ वाजता दवाखान्यात सोडणार, गाडी माझ्याकडे आणणार, आणि तिचं मशीन सुटून ती जरा सावरली, की दोनच्या आत गाडी तिच्यासमोर उभी पाहिजे.

मंगळवारी तो पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला होता, "मिस्त्री, महागातले शॉकअप टाका. कायबी लागू दे. परत जाताना आई रडती वो." हे वाक्य दोन दिवस डोक्यातून गेलं नाही. गाडी २०१० ची बोलेरो. पंधरा वर्षं भरली म्हणून फेरनोंदणी करून पाच वर्षं वाढवून घेतलेली. इंजिन ठणठणीत. नव्या गाडीचे पैसे उपचारात जातायत, तेव्हा हीच गाडी नीट करायची.

काल आणलेला माल बाकावर मांडला. चार शॉकअप, पाट्यांचे आणि शॅकलचे बुश, चार यू बोल्ट, दोन सेंटर बोल्ट, बंप स्टॉपची रबरं. नवा शॉकअप दुकानात आडवा पडलेला असतो आणि आतल्या तेलात हवा शिरते. म्हणून तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण खाली-वर करायचा. पहिल्या दोन दाबांना मध्येच पोकळ लागतं, मग सगळीकडे सारखा जोर लागायला लागतो. हे न करता बसवला, तर पहिल्याच दिवशी गिऱ्हाईक म्हणतं, शॉकअप खराब दिला.

८.२०

गाडी आली. पाणी मारायच्या आधी मी खाली सरकून चारही शॉकअपवर हात ठेवतो. खराब रस्त्यावरून आलेल्या गाडीचा शॉकअप तापलेला पाहिजे, कारण चाकाची उसळी जिरवायची म्हणजे तिची उष्णता करायची, हेच त्याचं काम. ५५ किलोमीटर येऊन पुढचे दोन जेमतेम कोमट. मागचे दोन गार, चेसिसइतकेच. म्हणजे ते मेलेत, किंवा त्यांना हलायलाच मिळत नाही.

मग हवा. मागच्या टायरात ४४ पौंड. गाडी चालून आलीय, टायर तापलेत, दोन-चार पौंड त्यापायी वाढले म्हटलं तरी हे फार झालं. "आदीच्या मालकानं सांगितलंय, तेवढीच भरतोय," मुलगा म्हणाला. या गाडीचा टायर २१५/७५ आर १५. म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंत १६१ मिलिमीटर रबर आहे, आणि गाडीतली पहिली स्प्रिंग तीच. ती दगडासारखी फुगवून ठेवली की बारीक खडीसुद्धा सीटवर मोजता येते. हवा कमी करण्यालाही मर्यादा आहे. फार उतरवली तर टायरची बाजू वळत राहते, तापते आणि फुटते. कंपनीच्या पुस्तकात लिहिलेली हवा, सकाळी टायर गार असताना, महिन्यातून दोनदा. याला एक पैसा लागत नाही आणि हे कुणी करत नाही.

८.४५

आदला मालक काय करायचा म्हणून विचारलं. दुधाचे कॅन वाहायचा. चाळीस लिटरचे. आता मला खाली काय सापडणार ते कळलं.

९.१०

मागची चेसिस घोड्यांवर घेतली, ॲक्सलखाली जॅक, चाकं काढली. पाटे मोजले. दोन्ही बाजूंना कंपनीच्या संचापेक्षा एक पाटा जादा, आणि तोही बाकीच्यांपेक्षा २ मिलिमीटर जाड. पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनाने वाढतो. जाडी दुप्पट केली की आठपट. सहाच्या जागी आठ मिलिमीटरचा पाटा घेतला, तर डोळ्याला फरक दिसत नाही, पण वाकवायला सव्वादोनपटीपेक्षा जास्त जोर लागतो. दहा-बारा कॅन भरलेल्या गाडीला तो पाटा बरोबर होता. आता गाडीत एक मुलगा आणि पंचेचाळीस किलोची आई.

गॅरेजातल्या पोरांना म्हटलं, सेंटर बोल्ट सोडायच्या आधी दोन्ही बाजूंना क्लॅम्प आवळा. दाबलेले पाटे सुटून उडाले तर हात मोडतो. माझ्या डाव्या अंगठ्याला त्याची खूण आहे.

पाटे सुटे झाले आणि खरा आजार दिसला. गगनबावड्याचा पाऊस पंधरा वर्षं या पाट्यांत शिरलाय. दोन पाट्यांच्या मध्ये लाल-काळा गंज एवढा घट्ट, की काही वेगळे करायला छिन्नी लागली. पाटे एकमेकांवर घसरले तरच ते स्प्रिंग. गंजून चिकटले की सगळे मिळून एक जाड पट्टी. लहान खड्ड्याला ती वाकतच नाही, गचका सरळ बॉडीत, मोठ्या खड्ड्याला एकदम सुटते आणि गाडी फेकते. शॉकअप गार का होते, ते इथे कळलं. महागातले शॉकअप टाकून त्यांनी काय केलं असतं?

१०.००

तारेच्या ब्रशने एकेक पाटा पांढरा केला. वरच्या पाट्याच्या पोटात खालच्याच्या टोकाने खाच पाडलेली असते, ती ग्राइंडरने हलकेच मोडली. मग खडूची परीक्षा. ही मला माझ्या उस्तादांनी शिकवली आणि मी पोरांकडून दर वेळी करून घेतो. पाट्याला रॉकेल किंवा डिझेल चोळायचं, थोडं थांबायचं, कोरडं पुसायचं, वर खडूची पूड भुरभुरायची. चीर असेल तर आत शिरलेलं तेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर केसासारखी काळी रेघ उमटते.

डाव्या बाजूच्या तिसऱ्या पाट्यावर उमटली. सेंटर बोल्टच्या भोकातून काठाकडे, जेमतेम दीड सेंटिमीटर. पाटे बहुतेक तिथेच जातात. बारका पोरगा म्हणाला, "मामा, अजून वर्षभर जाईल की." जाईल. पण गेला नाही तर तो वाटेत तुटेल, आणि तेव्हा गाडीत डायलिसिस होऊन आलेली बाई असेल. पाटे जोडीनं बदलायचे, म्हणून दोन्ही बाजूंचा तिसरा पाटा घेऊन त्याला मागच्या गल्लीतल्या पाटेवाल्याकडे पिटाळलं.

१०.५०

तेवढ्यात बुश. जुने बुश हातात घेतले तर रबर फुगून मऊ झालेलं, नखाने कोरता येतं. धुऊन झाल्यावर गाडीखाली डिझेल नाहीतर जळकं ऑइल फवारायची आपल्याकडे पद्धत आहे. गिऱ्हाइकाला खालून काळंभोर चकचकीत दिसतं आणि बरं वाटतं. तेच तेल रबराला खातं. मुलाला तो बुश हातात दिला आणि सांगितलं, इथून पुढं नुसतं पाणी. नवे बुश प्रेसवर बसवताना मी साबणाचं पाणी लावतो, ग्रीस कधीच नाही. पाट्यांच्या टोकांना ग्रॅफाइटचा पातळ हात आणि मध्ये नायलॉनच्या पट्ट्या. जाड ग्रीस थापलं तर आठ दिवसांत त्यात धूळ बसून त्याचीच कानस होते.

११.१५

पुढची चाकं काढली. चिखल धुतला आणि कॉइल स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकवलेले रबराचे बफर निघाले, दोन्हीकडे. "ह्यानं गाडी उचलती आणि दणकं बसत न्हाईत असं सांगिटलं हुतं," मुलगा म्हणाला. गाडी उचलते हे खरं. पण जिथे बफर बसतो तिथले वेढे दबायचे बंद होतात. जेवढे कमी वेढे हलणार तेवढी स्प्रिंग ताठ. काहीजण गाडी खाली बसवायला स्प्रिंगचा वेढाच कापून मागतात, त्यानेही ती ताठच होते. मी ते काम घेत नाही. बफर काढून बादलीत टाकले. खालच्या आर्मचे बुश बदलले, बॉल जॉइंट पहारीने हलवून पाहिले, चांगले आहेत.

मुलगा बादलीकडे बघत राहिला. "मिस्त्री, तुम्ही नुस्तं काढायलाच लागलाय."

"काढल्यावर काय उरतंय ते बघू."

११.४०

बारक्या पाटे घेऊन आला. संच जुळवले, जादाचे दोन बाजूला ठेवले.

मग मला सकाळीच विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला. आई कुठे बसतात?

"माघं. आडव्या सीटवर. जाताना पायात गोळे येत्यात तिच्या, तितं पाय लांब करता येतंय."

डायलिसिसमध्ये अंगातलं पाणी काढतात, त्यानंतर पायात गोळे येतात हे मला माझ्या मेव्हण्यामुळे माहीत आहे. पण त्या आडव्या सीटा बरोबर मागच्या ॲक्सलवर आहेत. चाक जेवढं उडेल तेवढं तिथला माणूस उडतो. शिवाय अंग आडवं, म्हणजे प्रत्येक ब्रेकला कमरेतून पीळ बसणार, धरायचं तर डायलिसिससाठी फिस्टुला केलेला हात वापरता येत नाही. गाडीत सगळ्यात कमी हादरा मधल्या सीटवर बसतो, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये. माणसाच्या धडाला सेकंदाला ४ ते ८ वेळा बसणारा उभा हादरा सगळ्यात जास्त जाचतो, आणि गंजलेल्या पाट्यांची गाडी नेमकी तसलीच थरथर आत पाठवते. आम्ही दोघांनी पुढची डावी सीट पूर्ण पुढे ओढली, मधल्या सीटसमोर पत्र्याची लहान पेटी ठेवली, तिच्यावर घोंगडं. पाय लांब होतात. पेटी दोरीने सीटच्या पायाला बांधून टाकली.

१२.३५

सगळं बसवलं, पण बुशांचे बोल्ट अजून ढिले आहेत. गाडी घोड्यांवर असताना ते आवळले तर रबर त्याच लटकत्या अवस्थेत जखडतं. मग गाडी खाली ठेवली की ते कायमचं पिळलेलं राहतं, ताठ लागतं आणि सहा महिन्यांत फाटतं. म्हणून चाकं लावून, गाडी जमिनीवर घेऊन, चौघांनी आत बसून दोनदा हलवून, मग खाली सरकून आवळायचं. अडचणीची जागा असते, पाना अर्धाच फिरतो, पण घाई असली तरी हे सोडायचं नाही. यू बोल्ट आळीपाळीने कर्णात. जुने परत वापरत नाही, एकदा ताणलेले असतात.

चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावला. मागं गाडी ३१ मिलिमीटर खाली आली, डाव्या-उजव्यात ३ चा फरक. बंप स्टॉप आणि ॲक्सलमध्ये भरपूर जागा आहे. कोपरा दाबून सोडला. वर आली, थांबली.

मुलाला स्पष्ट सांगितलं, आता हिच्यात कॅन, खताची पोती, वाळू काही नाही. पाटे माणसांच्या वजनाचे आहेत. जादाचे दोन्ही पाटे डिकीत ठेवून दिले, त्याची वस्तू आहे.

१.१०

अलाइनमेंट. रांगेत तिसरा नंबर होता. कारण सांगितलं, पुढच्या दोघांनी गाड्या मागे घेतल्या.

१.५५

दवाखान्याच्या दारात. मावशी दोघांच्या आधाराने आल्या, हातावर पट्टी. सवयीने मागच्या दाराकडे वळल्या. मुलाने मधलं दार उघडलं. पेटीवर पाय ठेवून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मी मागच्या आडव्या सीटवर बसलो. वाटेतल्या कळे गावापर्यंत बरोबर जायचं ठरवलं होतं. काम कसं झालं ते गॅरेजात कळत नाही, आणि सगळ्यात वाईट जागी बसल्याशिवाय तर नाहीच.

३.१०

शहर सुटल्यावर जिथे डांबर उखडलंय तिथे मुलाने सवयीने ब्रेक दाबला. म्हटलं, त्याच वेगाने जाऊ दे. खड्डा लागला. मागून धप्प असा जाड आवाज आला, एकदा, आणि गाडी तिथेच बसली. दुसरी उसळी आलीच नाही. माझ्या जागी हादरा अजून आहे, पाट्यांची गाडी आहे, त्या सीटवर तो राहणार. मधल्या सीटवर मावशींच्या मांडीवरची पाण्याची बाटली हलली, पडली नाही.

कळ्याला गाडी बाजूला घेतली. यू बोल्टना पाना लावून पाहिला, सरकले नाहीत. ५०० किलोमीटरनंतर, म्हणजे पाचव्या फेरीला, परत दाखवायचं सांगितलं. मग खाली सरकून शॉकअपवर हात ठेवला. मागचा डावा गरम. मागचा उजवा गरम. पुढचे दोन्ही चांगले ऊन.

बाहेर आलो तर मावशींनी काचेवर टकटक केलं. काच खाली केली.

"मिस्त्री, ह्या खिडकीचा लई खडखडाट हुतोय. आदी कदी ऐकू आला न्हवता."

"शनिवारी बघतो, मावशी."

४.५०

एसटीने परत. डबा खाल्ला. वहीत लिहिलं : बोलेरो, मधलं डावं दार, काचेचं रबर.