पहिला मजला नेमका कुठला?

गैरसमज: चार मजली इमारतीतला सगळ्यात वरचा मजला चौथा.

वस्तुस्थिती: आपल्याकडे तो तिसरा. इमारत किती मजली हे सांगताना तळमजला धरतात, मजल्यांना नंबर देताना सोडतात. जुन्या नाशकातल्या दुमजली वाड्याचंही तेच: खाली ओसरी-माजघर, वर माडी. त्या माडीला कुणी दुसरा मजला म्हणत नाही. इंग्रजीत इमारतीची उंची मोजतात ती ‘स्टोरी’त, पत्त्यात लिहितात तो ‘फ्लोअर’. मराठीत दोन्हीला मजलाच, म्हणून घोळ. त्या मानाने बिल्डरांचं ‘जी प्लस थ्री’ चोख. बेरीज तिथेच मांडलेली. हल्ली गंगापूर रोडला ‘जी’ची जागा पार्किंगच्या ‘पी’ने घेतली आहे. खाली नुसते खांब आणि गाड्या, त्याला ‘स्टिल्ट’ म्हणतात, आणि राहती घरं पहिल्या मजल्यापासून.

गैरसमज: अमेरिकेतलं ‘फर्स्ट फ्लोअर’ चुकीचं इंग्रजी.

वस्तुस्थिती: चूक नाही, तिथली मोजणी जमिनीलगतच्या मजल्यापासूनच सुरू होते. लेकीकडे गेलेले नाशिकचे आजोबा ‘सेकंड फ्लोअर’ ऐकून दोन जिन्यांची तयारी ठेवतात, आणि एकातच पोचतात. तिथल्या लिफ्टमध्ये इमारतीबाहेर पडायच्या मजल्याच्या बटणाशेजारी चांदणी असते. ती आपल्याकडे आली तर फार बरं होईल.

गैरसमज: मेझनाइन म्हणजे पोटमाळा.

वस्तुस्थिती: जवळपास. पण पोटमाळ्यावर वाकून जावं लागतं, मेझनाइनवर ऑफिस थाटतात.

गैरसमज: पायऱ्या चढलो की मजला बदलला, आणि तळमजल्याखाली असेल ते तळघरच.

वस्तुस्थिती: सराफ बाजाराजवळच्या सरकारवाड्याच्या पायऱ्या चढून जा, पोचता तळमजल्यावरच. उंच आहे ते जोतं. उलट जुनं नाशिक टेकड्यांवर वसलेलं. उतारावरच्या घरात वरच्या गल्लीतून शिरलात तर तो तळमजला, पण त्याच्याखाली आणखी एक मजला, त्याला वेगळं दार, खिडकीतून चांगलं ऊन. याला तळघर कसं म्हणायचं? इंग्रजीत यासाठी ‘लोअर ग्राउंड’ आहे. मराठीत आपण ‘खालच्या अंगाला’ म्हणून वेळ निभावतो.

मोजायला सुरुवात कुठून केली, यावर सगळं. वेरूळच्या अकराव्या लेण्याला ‘दोन ताल’ म्हणत, म्हणजे दुमजली. 1876 साली मातीत गाडलेला खालचा मजला सापडला. मजले तीन झाले, नाव मात्र अजून दोन ताल.