एका खेळाची अनेक खाती

सांगलीला बुद्धिबळाचे जे वेड आहे त्याचा माग निदान १९४१ सालापर्यंत, म्हणजे भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन केले त्या वर्षापर्यंत, सहज नेता येतो. आणि म्हणूनच या गावात बुद्धिबळाविषयी बोलताना शब्द जपून वापरावे लागतात, कारण ते तपासून पाहणारा जाणकार कोणत्याही गल्लीत भेटण्याचा संभव असतो. अशा एखाद्या जाणकारापुढे जुन्या संगणकीय खेळांच्या ऑनलाइन सूचीतील तीन नोंदी ठेवाव्यात आणि यांतले बुद्धिबळ कोणते, एवढेच त्याला विचारावे.

पहिली नोंद १९८२ सालच्या ‘वन-के झेडएक्स चेस’ची. डेव्हिड हॉर्न यांनी सिंक्लेर कंपनीच्या झेडएक्स-८१ या यंत्राच्या अवघ्या एक किलोबाइट स्मृतीत हा खेळ बसवला, आणि तो तेथे मावावा म्हणून किल्लेकोट करणे, प्याद्याचा वजीर होणे अशा नियमांना रजा दिली. दुसरी नोंद इंटरप्लेने १९८८ साली काढलेल्या ‘बॅटल चेस’ची. त्यात मोहरे पायी चालत जातात, एकमेकांवर तुटून पडतात, आणि पाहणाऱ्याला वाटते की हा युद्धाचाच खेळ आहे; परंतु ती सारी मारामारी केवळ देखावा असून कोणी मरावयाचे हे बुद्धिबळाच्या नियमाने आधीच मुक्रर झालेले असते. तिसरी ‘आर्कॉन’ची, १९८३ सालची. येथेही चौकटींचा पट आहे, उजेडाची एक आणि अंधाराची दुसरी अशा दोन फौजा आहेत, पण पट नऊ घरे लांब व नऊ घरे रुंद आहे, आणि एक मोहरा दुसऱ्याच्या घरात शिरला की दोघेही वेगळ्या रणांगणात उतरून हाताच्या चपळाईवर निकाल लावतात. सांगलीचा जाणकार पहिल्या दोहोंना बुद्धिबळ म्हणेल, पहिल्याला जरा नाक मुरडून; तिसऱ्याला तो पटाला हातही लावू देणार नाही. सूचीकाराने मात्र केवळ चित्र पाहून वर्गवारी केली, तर दुसरा व तिसरा एका कप्प्यात पडतील आणि पहिला बिचारा एकटा राहील.

या क्षेत्रातील वर्गांची नावे कोणी पद्धतशीर विचार करून ठरवलेली नाहीत, हे एकदा ध्यानात घेतले म्हणजे हा घोटाळा का होतो ते कळते. विल क्राउदर यांनी १९७६ च्या सुमारास गुहेत भटकण्याचा जो शब्दमय खेळ लिहिला आणि पुढच्याच वर्षी डॉन वूड्स यांनी जो वाढवला, त्याच्या नावातील ‘ॲडव्हेंचर’ हा शब्द पुढे एका संपूर्ण वर्गाला चिकटला. १९८० च्या ‘रोग’वरून ‘रोगलाइक’ हा वर्ग निघाला. आणि १९९३ च्या ‘डूम’नंतर आलेल्या तशाच खेळांना कित्येक वर्षे ‘डूमची नक्कल’ असेच संबोधत. कुळाचे नाव मूळ पुरुषावरून पडावे हे आपल्याकडे अपूर्व नाही, परंतु एक वर्ग पूर्वजावरून, दुसरा हातांच्या क्रियेवरून, तिसरा विषयावरून अशी सरमिसळ झाली की कोष्टक कोष्टक राहत नाही. ख्रिस क्रॉफर्ड यांनी १९८४ साली संगणकीय खेळांच्या रचनेवरील आपल्या ग्रंथात कौशल्य-क्रिया आणि डावपेच असे दोन मोठे विभाग पाडून त्यांखाली चक्रव्यूह, शर्यत, क्रीडा, युद्ध इत्यादी पोटविभाग मांडले, पण त्याच साली डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल यांचा ‘एलिट’ निघाला, ज्यात व्यापार, उड्डाण आणि गोळीबार यांची अशी सांगड आहे की तो यांपैकी कोणत्याही एका खात्यावर मांडता येत नाही.

यावर तोड ज्याने काढली तो गृहस्थ खेळांच्या नव्हे, ग्रंथालयांच्या क्षेत्रातला होता. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्याचे मर्म असे की ग्रंथाला तयार कप्प्यात कोंबण्याऐवजी विषय कोणता, कोणत्या अंगाने, कोठला, कधीचा असे निरनिराळे प्रश्न विचारावेत आणि उत्तरांची जोडणी करावी. फळीवरचे पुस्तक शेवटी एकाच जागी ठेवावे लागते, ही त्यांची अडचण. सूचीतील नोंदीला ती नाही. १९९९ साली जिम लेनर्ड व ब्रायन हर्ट यांनी सुरू केलेली ‘मोबीगेम्स’ ही सूची आज मूळ प्रकार, दृष्टिकोन, खेळण्याची रीत, कथेचा विषय अशी खाती वेगवेगळी ठेवते. या पद्धतीने ‘बॅटल चेस’च्या नावावर डावपेच, पटावरचा खेळ आणि बुद्धिबळ ही तिन्ही पदे नांदू शकतात, आणि ‘आर्कॉन’ला पहिली दोन देऊन तिसरे नाकारता येते.

वर्गीकरणाची खरी परीक्षा शोधणाऱ्याच्या हाती असते, आणि साताऱ्या-सांगलीकडचा शोधणारा ती फार कठोरपणे घेतो. १९९० च्या दशकात आपल्या घरांत जो ‘टीव्ही गेम’ आला तो बहुधा निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्राची नक्कल असे. समुराई, मीडिया अशा नावांनी तो विकला जाई, आणि त्याच्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असा भपकेदार मजकूर असला तरी आत मोजकेच खेळ नावे बदलून पुनःपुन्हा हजेरी लावत. हे खेळ खेळलेला मनुष्य आज चाळिशीत आहे, आणि त्याला आठवतो तो ‘रणगाड्यांचा गेम’: विटांच्या भिंती फोडायच्या, खालचा गरुड सांभाळायचा, आणि धाकट्या भावाला दुसरा रणगाडा द्यायचा. हा खेळ नामकोचा १९८५ सालचा ‘बॅटल सिटी’. तो युद्धाचा म्हणून डावपेचांच्या वर्गात शोधला तर मिळणार नाही, कारण प्रकाराने तो गोळीबाराचा आहे. पण वरून दिसणारा, दोघांनी मिळून खेळायचा आणि नकाशा स्वतः बांधू देणारा, एवढ्या तीन खुणा एकत्र विचारल्या तर हजारोंची यादी काही ओळींवर येते.

नावाने शोधावे म्हटले तर तेही सोपे नाही. कोनामीचा ‘कॉन्ट्रा’ १९८७ साली आर्केडमध्ये आला. युरोपात तो ‘ग्रायझर’ झाला, आणि पुढे तेथील निन्टेन्डो यंत्रांवर माणसांच्या जागी यंत्रमानव घालून ‘प्रोबोटेक्टर’ झाला. तिन्ही नावे एका नोंदीशी बांधलेली नसतील तर शोधणाऱ्याला एकाच खेळाचे तीन खेळ वाटतात. साताऱ्याजवळच्या वाईत लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादकत्वाखाली जो मराठी विश्वकोश सिद्ध झाला, आणि ज्याचा ‘अंक ते आतुरचिकित्सा’ हा पहिला खंड १९७६ साली निघाला, त्याच्या संपादकांनाही हाच प्रश्न सोडवावा लागला होता: वर्णक्रमाने लावलेल्या कोशात शीर्षक ठाऊक असल्यावाचून काही सापडत नाही, म्हणून एका नोंदीतून दुसरीकडे धाडणाऱ्या ‘पहा’ अशा सूचना त्यांनी जागोजाग पेरल्या. संगणकीय सूचीतील पर्यायी नावांचे खाते हे त्या ‘पहा’चेच काम करते, आणि माझ्या मते प्रकारांच्या साऱ्या कोष्टकांपेक्षा तेच अधिक उपयोगाचे आहे.

खाती वाढवण्यालाही मर्यादा आहे, हे सांगितले पाहिजे. ज्याला वाटेल त्याने वाटेल ते पद जोडावे अशी मोकळीक दिली की ‘कोडे’, ‘कोडी’ आणि ‘बुद्धीचा खेळ’ असे तीन वर्ग निर्माण होतात आणि शोधणारा तिन्हींतून अर्धवट यादी घेऊन परततो. म्हणून पदांची फेरिस्त ठरलेली असावी आणि नवी नोंद दाखल होण्यापूर्वी दुसऱ्या कोणी तिची रुजुवात करावी, हा ‘मोबीगेम्स’सारख्या सूचींचा दंडक मला योग्य वाटतो, मग त्यामुळे काम कितीही रेंगाळो.

या नोंदींत आपल्या बाजूची नावे फार थोडी आहेत. ज्यांच्या माळ्यावर अशी जुनी कॅसेट अजून पडून असेल, त्यांनी ती रद्दीत देण्यापूर्वी तिच्या लेबलाचे आणि पडद्यावरील यादीचे छायाचित्र घ्यावे, खरेदीचे साल व गाव आठवत असेल तर लिहून ठेवावे, आणि घरात त्या खेळाला ज्या नावाने हाक मारत तेही सूचीकारांना कळवावे.